लिस्बनच्या टेकड्या आणि डावा डोळा

लिस्बन हे टेकड्यांचे शहर आहे. सात टेकड्या असे म्हणण्याची तिथे रीत आहे; चढणाऱ्याच्या गुडघ्यांना विचारले तर हा आकडा बराच वाढेल. या टेकड्यांच्या माथ्यांवर, जिथून खालची लाल कौलारू घरे आणि त्यांच्या पलीकडे तेजो नदीचे समुद्रासारखे रुंद पात्र दिसते, तिथे कठडे बांधून, बाके ठेवून, झाडे लावून जी जागा राखलेली असते तिला पोर्तुगीज भाषेत 'मिरादोरू' म्हणतात. पाहण्यासाठी केलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ. आपण डोंगरी गावांत अशा जागेला 'पॉइंट' म्हणून मोकळे होतो. छायाचित्रणाची हौस असलेला मनुष्य लिस्बनला गेला की एका मिरादोरूवरून दुसऱ्या मिरादोरूकडे चढत-उतरत राहतो. सूर्योदय कुठून टिपावा, सूर्यास्त कुठून टिपावा, हे सांगणाऱ्या पुस्तिका तिथल्या दुकानांत हव्या तितक्या मिळतात.

त्या पुस्तिकांचा आम्हाला फारसा उपयोग झाला नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघे तिथे तीन आठवडे होतो. माझे यजमान तेव्हा 75 वर्षांचे होते, मी 70 ची. त्यांना पीतबिंदूचा वयोमानानुसार होणारा ऱ्हास आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा, जो मधला लहानसा भाग आपल्याला अक्षरे वाचायला, चेहरा ओळखायला, सुईत दोरा ओवायला मदत करतो, तोच भाग या आजारात झिजतो. कडेची दृष्टी राहते. त्यामुळे असा मनुष्य घरात न धडपडता फिरतो, आणि समोर उभ्या राहिलेल्या मुलीला मात्र 'कोण?' म्हणून विचारतो. पाहणाऱ्यांना हे नाटक वाटते, हा या आजाराचा एक वेगळाच जाच आहे.

आजाराचे दोन प्रकार. कोरडा प्रकार सावकाश, वर्षानुवर्षे चालतो. ओल्या प्रकारात दृष्टिपटलाखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून द्रव किंवा रक्त झिरपते, आणि दृष्टी काही दिवसांत किंवा आठवड्यांत खालावू शकते. यजमानांच्या उजव्या डोळ्यात ओला प्रकार झाला तेव्हा तो उशिरा उमगला. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो. बहुतेकांच्या बाबतीत असेच घडते. इंजेक्शने झाली, पण मध्यावर व्रण राहिला तो राहिलाच. डाव्या डोळ्यात कोरडा प्रकार होता. सगळी भिस्त त्या डाव्या डोळ्यावर.

मग लिस्बनच का? एक तर आमची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त तिथे राहतात. दुसरे कारण जुने. आम्ही फोंड्याकडचे. गोवा मुक्त झाला तेव्हा, 1961 च्या डिसेंबरात, यजमान 12 वर्षांचे होते. मराठी शाळेबरोबर त्यांनी पोर्तुगीजचे धडेही गिरवले होते आणि पोर्तुगालच्या नद्यांची नावे पाठ केली होती. जी नदी पाहण्याची सुतराम शक्यता नव्हती तिची नावे छडीच्या धाकाने म्हणायची, याचा त्यांना तेव्हा संताप येई. म्हातारपणी मात्र ती तेजो एकदा पाहायचीच, असे त्यांनी घेतले. कॅमेरा त्यांच्या हाती विशीपासून आहे. 'डावा आहे तोवर जाऊन येऊ' हे वाक्य ते सहज बोलले. मला ते सहज ऐकता आले नाही. मुलीने फोनवर आधी विरोध केला, मग एक दिवस तिकिटेच पाठवली. आमच्या नेत्रतज्ज्ञांनी संमती दिली, आणि दृष्टिपटलाच्या ओसीटी चित्रणाच्या प्रती, आजवरच्या इंजेक्शनांची तारीखवार नोंद आणि औषधाची चिठ्ठी हातसामानात ठेवायला सांगितली. प्रवासविम्याच्या अर्जात आम्ही हा आजार स्पष्ट लिहिला. या दोन गोष्टींचे मोल पुढे कळले.

आता त्या जागांविषयी.

सेन्होरा दु मोंत हा सर्वांत उंच मिरादोरूंपैकी एक. एक लहानसे प्रार्थनामंदिर, पाइनची झाडे, आणि समोर किल्ला, नदी, नदीवरचा तांबडा झुलता पूल असे सगळे शहर पसरलेले. पुस्तिका सांगतात, इथे सूर्यास्ताला जा. परंतु तिथून आपण पश्चिमेकडे पाहत असतो; संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो. तरुण छायाचित्रकाराला ते हवेच असते. पीतबिंदू झिजलेल्या डोळ्याला मात्र झळाळी सोसत नाही, आणि उजेडातून सावलीत आल्यावर सावरायला त्याला खूप वेळ लागतो. आम्ही तिथे सकाळी साडेआठला गेलो. सूर्य पाठीशी, उजेड समोरच्या घरांवर, गर्दी नाही, आणि टॅक्सी अगदी जवळपर्यंत जाते. पोर्ताश दु सोलचे याच्या उलट. नावाचा अर्थ 'सूर्याची दारे', तोंड पूर्वेला. तिथे लोक सूर्योदयाला जातात, आम्ही दुपारी चारनंतर गेलो, तेव्हा सूर्य मागे होता आणि खाली अल्फामा या जुन्या वस्तीच्या पांढऱ्या भिंती व कौले लख्ख उजळली होती. ज्येष्ठांनी, विशेषतः डोळ्यांची तक्रार असलेल्यांनी, कुठल्याही शहरात हा हिशेब करावा: सूर्य पाठीशी कधी येईल, त्या वेळी जावे. छायाचित्र थोडे साधे येते, पण डोळे दिपत नाहीत आणि पायाखालचेही दिसते.

पोर्ताश दु सोलला संत विसेंतीचा पुतळा आहे, हातात होडी आणि होडीवर दोन कावळे. हेच या शहराचे चिन्ह. समोर दिसणारा पांढरा घुमट सांता एंग्रासियाच्या चर्चचा. त्याचे बांधकाम 1682 मध्ये सुरू झाले आणि 1966 मध्ये पुरे झाले, त्यामुळे कधीच न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीजांत 'सांता एंग्रासियाचे काम' म्हणतात. आपल्याकडच्या काही रस्त्यांसाठी हा वाक्प्रचार आणायला हरकत नाही.

पायाखालच्या दगडांविषयी मात्र विनोद सुचत नाही. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या लहान लहान पांढऱ्या चिऱ्यांचे असतात, मधून काळ्या दगडांची नक्षी. वर्षानुवर्षे पावले पडून ते गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की घसरगुंडी. पायऱ्याही त्याच रंगाच्या. पांढऱ्यावर पांढरी कड दिसत नाही. निरोगी डोळ्याला सावलीवरून उंचसखल कळते. यजमानांना सगळे एकसारखे सपाट भासे. आम्ही रबरी तळाचे बूट घेतले होते आणि निघण्यापूर्वी काठीच्या टोकाचे झिजलेले रबर बदलले होते. चालताना त्यांनी माझ्या दंडाला कोपराच्या जरा वर धरायचे आणि अर्धे पाऊल मागे राहायचे, अशी पद्धत. आपण रुग्णाचा हात धरून त्याला पुढे ढकलतो, ते चूक. त्याने आपल्याला धरले म्हणजे आपल्या शरीराच्या हालचालीवरूनच चढ की उतार हे त्याला उमगते. पायरीपाशी मी क्षणभर थांबे आणि 'वर' किंवा 'खाली' एवढेच म्हणे.

बाकी मी काही सांगायचे नाही, असा आमच्यात ठराव होता. तो त्यांचा. 'मी विचारीन, मग सांग. आधीच सांगितलेस तर मी पाहायचे काय?' शुश्रूषा करणाऱ्यांची जीभ फार चालते हो. समोरच्याला कमी दिसते म्हटल्यावर आपण प्रत्येक झाडाचे, प्रत्येक घराचे वर्णन करीत सुटतो, आणि तो बिचारा ऐकूनच दमतो. ते स्वतः एक युक्ती करीत. नजर नेमकी वस्तूवर न रोखता तिच्या किंचित बाजूला रोखायची, म्हणजे शाबूत असलेल्या कडेच्या दृष्टीत ती येते. ही सरावाने साधते, आणि अल्पदृष्टी उपचारकेंद्रांत शिकवतातही. लांबून पाहणाऱ्याला मात्र वाटे की हे गृहस्थ देखावा सोडून भलतीकडेच बघत आहेत.

पोर्ताश दु सोलपासून काही पावलांवर सांता लुझियाचा मिरादोरू आहे. मला विचाराल तर वृद्धांसाठी लिस्बनमधली सर्वांत चांगली जागा हीच. बोगनवेलींनी वेढलेला मंडप, त्याच्या सावलीत बाके, जुन्या निळ्या-पांढऱ्या फरशा आणि खाली नदी. बसल्या जागेवरून छायाचित्रे काढता येतात. सांता लुझिया ही डोळ्यांची कैवारी संतीण. तिच्या चित्रांत हातातल्या तबकात दोन डोळे असतात, आणि 13 डिसेंबरला तिचा सण असतो. हे मुलीने सांगितले तेव्हा यजमानांनी टोपी काढली, काही बोलले नाहीत. शेजारच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांची दोन मोठी चित्रे आहेत. पणजीच्या मिनेझीस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात अशाच फरशांची चित्रे आहेत, त्यामुळे आम्हाला ती ओळखीची वाटली. एका चित्रात 1147 मध्ये किल्ला जिंकल्याचा प्रसंग आहे, दुसऱ्यात नदीकाठचा राजवाड्याचा चौक, 1755 च्या भूकंपापूर्वी होता तसा. 1 नोव्हेंबर 1755 च्या सकाळी भूकंप, त्यामागून समुद्राच्या लाटा आणि मग आग अशा तिन्हींनी मिळून हे शहर उद्ध्वस्त केले. तो राजवाडा आता फरशीवरच उरला आहे. यजमान चित्राच्या अगदी जवळ गेले, मग छायाचित्र घेतले आणि बाकावर बसून टॅब्लेटवर ते मोठे करून पाहिले. कॅमेरा आता त्यांना आठवण ठेवायला लागत नाही, पाहायलाच लागतो. दूरचे दृश्य टिपायचे आणि घरी किंवा सावलीत बसून बोटांनी ते जवळ ओढायचे.

बेलेमलाही गेलो. सपाट आहे, चाकाची खुर्ची चालते, रांगा लांब आहेत. वास्को द गामाची कबर पाहिली आणि बाहेर आलो.

रोसियो चौकाची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. या चौकाच्या भुईवर काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घातलेल्या. तिला 'विशाल सागर' अशा अर्थाचे नाव आहे. सारी जमीन सपाट असूनही हेलकावते आहे असे कुणालाही वाटते. यजमान चौकाच्या काठावर थबकले. ओल्या प्रकाराची पहिली खूण म्हणजे सरळ रेषा वाकड्या, लहरीसारख्या दिसू लागणे. ती परीक्षा घ्यायला चौकटींचा एक तक्ता असतो, मधोमध ठिपका. त्याला आम्स्लर तक्ता म्हणतात. आमच्याकडे तो फ्रिजच्या दारावर असतो, लिस्बनलाही मुलीच्या फ्रिजवर लावला होता. वाचायचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, ठिपक्याकडे पाहायचे, मग दुसरा. रोज सकाळी, चहाच्या आधी.

'लाटा दगडात आहेत ना गं?' त्यांनी विचारले.

'दगडातच आहेत,' मी म्हटले.

ते हसले आणि त्यांनी त्या भुईची पंधरावीस छायाचित्रे घेतली. इतक्या वर्षांत लाटा दिसल्याचा आनंद त्यांना प्रथमच झाला असावा.

बाराव्या दिवशी आम्ही नदीकाठच्या मोठ्या चौकात गेलो. भूकंपानंतर राजवाड्याच्या जागी हा उभारला गेला; नाव व्यापाराचा चौक, लोक अजून 'राजवाड्याचे अंगण' म्हणतात. तीन बाजूंनी पिवळ्या इमारती, खाली कमानींच्या लांबच लांब ओळी, चौथ्या बाजूला नदी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि तिथले दोन दगडी खांब. छायाचित्रकाराला कमानींची ती ओळ मोह घालते. यजमान ओवरीत उभे राहिले, डाव्या डोळ्याला कॅमेरा लावला. बराच वेळ त्यांनी कळ दाबली नाही. मग कॅमेरा खाली घेतला, उजव्या डोळ्यावर हात धरला आणि नुसत्या डाव्याने पाहिले.

'तिसरा खांब मध्येच आत गेलाय का?'

खांब सरळ होता. पहिला, दुसरा, तिसरा, सगळेच.

त्या सकाळी तक्ता पाहिला होता. रेषा सरळ होत्या. घरी येऊन पुन्हा पाहिला. ठिपक्याच्या जरा वर एक रेघ चिमटीत धरल्यासारखी दिसते, असे ते म्हणाले. परतीचे विमान नऊ दिवसांवर होते. त्यांचे म्हणणे, नऊ दिवसांत काय होते, घरी जाऊन आपल्याच डॉक्टरांना दाखवू. परक्या देशात, परक्या भाषेत डोळ्यात सुई नको. मुलगी गप्प बसली होती. तिला दोन्ही बाजू दिसत होत्या. मी म्हटले, उजव्याला आपण उशिरा गेलो तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते, आता ठाऊक आहे. त्या रात्री आमचा बऱ्यापैकी वाद झाला. पन्नास वर्षांच्या संसारात आवाज चढवण्याची वेळ फार थोड्या वेळा आली. ही त्यांपैकी एक, आणि मला तिचा खेद नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका नेत्रचिकित्सालयात तपासणी झाली. आमच्याकडची ओसीटी चित्रे तिथल्या डॉक्टरबाईंनी नव्या चित्राशेजारी ठेवली; फरक मलाही दिसला. पडद्याखाली पातळसा काळा पट्टा होता, द्रवाचा. औषध कोणते वापरत होतो हे चिठ्ठीवर होतेच. त्यानंतर दोन दिवसांनी इंजेक्शन दिले. थेंब घालून डोळा बधिर करतात, सुई जाताना दाब जाणवतो, फारशी वेदना होत नाही. यजमानांना बालपणीचा एक शब्द नेमका आठवला, 'देवागार', म्हणजे हळू. डॉक्टरबाई चमकून हसल्या आणि पुढचे सगळे पोर्तुगीजमध्येच बोलू लागल्या. त्यातले चार आणे यांना कळले असतील. डोळा चोळू नका, काही दिवस त्यात पाणी जाऊ देऊ नका, वेदना वाढली किंवा दृष्टी अचानक घटली तर त्याच दिवशी या, असे बजावून त्यांनी सोडले. बुबुळाशेजारी पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग दिसत होता. तो भीतिदायक दिसला तरी दोनएक आठवड्यांत आपोआप जातो. विम्याचे पैसे थोडी पत्रापत्री होऊन मिळाले.

राहिलेल्या दिवसांत चढउतार बंद. पण लिस्बन पाहायला चढावेच लागते असे नाही. कैश दु सोद्रे धक्क्यावरून पलीकडच्या काठावरील कासिल्यासला बोट जाते, दहाएक मिनिटांची. बसून राहायचे, आणि सगळ्या टेकड्या आपसूक समोर येतात. तेजोच्या मध्यावर यजमानांनी काळा चष्मा आणि टोपी सांभाळत चार छायाचित्रे घेतली आणि लहानपणी पाठ केलेली नद्यांची नावे क्रमाने म्हटली, एकही न चुकता. शेवटच्या दिवशी कार्मोच्या मठात गेलो. भूकंपात छप्पर गेले ते पुन्हा बांधले नाही. उंच कमानी तेवढ्या मोकळ्या आकाशाखाली उभ्या आहेत. तिथे पोचायला 1902 च्या प्रसिद्ध लोखंडी लिफ्टपाशी तेव्हा लोक तासन् तास उभे असत. बायशा-शियादू मेट्रो स्थानकाच्या सरकत्या जिन्यांनी मात्र खालच्या वस्तीतून वरच्या वस्तीत विनासायास जाता येते, आणि तिथून मठ जवळ आहे.

घरी आल्यावर ठराविक अंतराने इंजेक्शने सुरू राहिली, ती आजही सुरू आहेत. डावा डोळा पूर्वीसारखा झाला नाही, पण द्रव ओसरला. भिंगातून ते वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचतात, मथळे भिंगाशिवाय. तक्ता फ्रिजवर आहे. चौकातल्या त्या कमानींचे छायाचित्र शेवटी घेतलेच नाही.

दुपारी टॅब्लेट मांडीवर घेऊन ते लिस्बनची चित्रे जवळ ओढून पाहत बसतात. पोर्ताश दु सोलहून घेतलेल्या एका चित्रात, अल्फामातल्या एका घराच्या वरच्या खिडकीत त्यांना परवा काहीतरी सापडले, जे तिथे उभे असताना आम्हा कुणालाच दिसले नव्हते. त्यांच्या मते ते मांजर आहे, माझ्या मते कुंडी. मुलीला फोन करून त्या बाजूला जाशील तेव्हा बघून ये म्हणून सांगितले. ती गेली होती. खिडकी बंद होती म्हणे.